एकाच मापाच्या, एकाच स्टीलच्या दोन बोल्टांना अणुवीज प्रकल्पात वेगवेगळा क्लास का असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दारव्ह्याचा तुमचा आतेभाऊ एका अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामावर स्टोअर हेल्पर म्हणून लागला. तिथे एकाच मापाचे, एकाच कारखान्याचे बोल्ट दोन वेगळ्या जाळ्यांत ठेवलेले. एका जाळीला कुलूप, दुसरीला नुसती कडी. कुलपातला बोल्ट कितीतरी पट महाग. विचारलं तर ‘क्यूए क्लास (म्हणजे गुणवत्ता हमीचा वर्ग) वेगळा आहे’ एवढंच उत्तर मिळालं. हा पैसे काढायचा धंदा आहे का, आणि कुलपातला उरलेला बोल्ट साध्या कामाला किंवा साधा बोल्ट कुलपातल्या कामाला वापरला तर चालतं का, हे तुम्हाला हवं आहे.

धंदा कुठे कुठे असेलही, त्याची हमी मी देत नाही. पण फरक खरा आहे. मी हिंगणघाट तालुक्यातला. आयटीआय करून वेल्डर म्हणून अशाच एका बांधकामावर गेलो, पुढे माल तपासणीच्या टीममध्ये घेतलं. एकूण नऊ वर्षं काढली. आता गावी सोयाबीन, तूर आणि थोडी पऱ्हाटी. म्हणून आधी बियाण्याचंच सांगतो, तुम्हाला पटकन समजेल.

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. पायाभूत बियाण्याला पांढरा, पैदासकाराच्या बियाण्याला पिवळा, सत्यप्रत बियाण्याला हिरवा. निळ्या टॅगमागे अकोल्याची बीज प्रमाणीकरण यंत्रणा असते. बियाणं ज्या वावरात पिकलं तिथे माणूस जाऊन पाहतो, नमुना प्रयोगशाळेत जातो, लॉट नंबर पडतो. आता तुमच्या घरचं, कोठीतलं चाळून ठेवलेलं सोयाबीन घ्या. दाणा तोच, कदाचित निळ्या टॅगवाल्यापेक्षा सरस उगवेल. पण ते कुठल्या वावरातलं, कधी मळलं, कोणी तपासलं, हे विचारलं तर तुमच्याजवळ फक्त तुमचा शब्द.

२०२० च्या जूनमध्ये सोयाबीन उगवलं नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यात तक्रारींवर तक्रारी झाल्या, आठवत असेल. आमचंही अर्धं वावर कोरं राहिलं. तक्रार करायला गेलो तर साहेबांनी बिल, टॅग आणि पिशवीत उरलेलं थोडं बियाणं मागितलं. बिल होतं. पिशव्यांमध्ये बाबांनी ढेप भरली होती आणि टॅग चुलीत गेले होते. दोन घरं सोडून एका काकांजवळ टॅग होते, त्यांचा पंचनामा झाला. बियाणं दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेलं.

कुलपातल्या बोल्टाला तो टॅग आहे. जास्तीचे पैसे त्याचेच.

पण मग सगळ्याच बोल्टांना टॅग का लावत नाहीत? कारण क्लास ठरतो तो बोल्ट बसणार कुठे यावरून. कारखाना त्यात बघत नाहीत. डिझाइनवाले प्रत्येक भागाबद्दल विचारतात की हा ऐन वेळी निकामी झाला तर काय होईल. अणुभट्टी बंद करता येईल ना? बंद केल्यावरही इंधनात उष्णता निर्माण होत राहते, ती काढता येईल ना? किरणोत्सर्ग आतच कोंडून राहील ना? या तिन्हींपैकी एकालाही धक्का बसणार असेल तर तो भाग सुरक्षेचा. त्यात पुन्हा पायऱ्या आहेत. आपल्याकडे नियम अणुऊर्जा नियामक परिषदेचे, म्हणजे एईआरबीचे. ही १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झाली. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांसाठी सेफ्टी क्लास १ ते ४ आहेत, आणि त्याखाली अणुसुरक्षेशी संबंध नसलेल्या वस्तू. इंधनाभोवती जड पाणी फिरवणारे पाइप आणि त्यांची दाब सांभाळणारी चौकट सगळ्यात वर. कॅन्टीनचं शेड सगळ्यात खाली. भूकंपासाठी वेगळे वर्ग असतात, ते या क्लासला समांतर चालतात. बाकी देशांच्या याद्यांचा ढाचाही साधारण तसाच.

आता टॅगमध्ये काय काय येतं ते सांगतो, कारण आतेभावाला रोज त्याच्याशीच झटायचं आहे.

प्रत्येक प्लेटवर, पाइपवर, सळीवर हीट नंबर ठोकलेला असतो. भज्यांचा जसा एक घाणा निघतो तसा वितळलेल्या पोलादाचा एक घाणा निघतो, त्याला हीट म्हणतात. त्या घाण्याचं रसायन, ताणून तोडल्यावर किती ताकद निघाली, हे सगळं सर्टिफिकेटवर असतं, आणि सर्टिफिकेट त्या नंबरालाच बांधलेलं असतं. नंबर गेला की सर्टिफिकेट म्हणजे कोणाच्या तरी जन्माचा दाखला, माणूस मात्र समोर नाही. म्हणून प्लेट कापायच्या आधी उरणाऱ्या तुकड्यावर नंबर उतरवायचा, तपासनीसाने तो बघायचा, मग कापायची. उलटा क्रम चालत नाही.

मी एकदा उलटा क्रम केला. रात्रपाळी संपत आली होती, स्टेनलेस स्टीलची ३०४ एल प्लेट होती, घाईत नंबर असलेली बाजूच कापून जॉबला लावली. दीड मीटरचा तुकडा बिननंबरी उरला. सकाळी आमचे तपासनीस आले, तामिळनाडूचे, एरवी फार शांत माणूस. तुकड्याकडे बोट करून विचारलं, हा कुठला? म्हटलं, सर, याच प्लेटचा, मी स्वतः कापला. त्यांनी खिशातून लाल टॅग, म्हणजे ‘हा माल वापरायचा नाही’ची खूण, काढला आणि तुकड्याला लटकवला.

मला तेव्हा राग आला होता. प्रयोगशाळेत तुकडा पाठवा, रसायन कळेल की, असं माझं म्हणणं. ते म्हणाले, रसायन कळेल. पण ही त्याच घाण्याची आहे हे कोण सांगणार? शेजारी तशाच जाडीच्या आणखी तीन प्लेटा पडल्या होत्या. आणि हातातली तपासणीची बंदूक इथे उपयोगाची नव्हती. पिस्तुलासारखं यंत्र असतं, धातूला टेकवलं की क्रोमियम किती, निकेल किती सांगतं. कार्बन मात्र त्याला दिसत नाही. साधं ३०४ आणि ३०४ एल यांच्यातला फरक मुख्यतः कार्बनचाच. एलमध्ये ०.०३ टक्क्याच्या आत, साध्यात ०.०८ पर्यंत. वेल्डिंगच्या उष्णतेत जास्तीचा कार्बन क्रोमियमला धरतो आणि धातूच्या कणांच्या सीमेवर जाऊन बसतो. तिथलं क्रोमियम कमी झालं की गरम पाण्यात, ताणाखाली, वेल्डच्या कडेने बारीक तडे जायला लागतात. डोळ्याला दोन्ही प्लेटा सारख्याच चकचकीत.

कोबाल्टचंही तसंच. निकेलसोबत थोडा कोबाल्ट स्टीलमध्ये येतोच. न्यूट्रॉनांच्या माऱ्यात त्याचा कोबाल्ट-६० होतो, अर्धायुष्य सुमारे ५.३ वर्षं, आणि पुढे दुरुस्तीला आत जाणाऱ्या माणसांना त्याचा किरणोत्सर्ग सोसावा लागतो. म्हणून अणुभट्टीतल्या पाण्याशी संबंध येणाऱ्या स्टीलमध्ये कोबाल्ट किती चालेल याला मर्यादा घातलेली असते. बाजारातल्या दुकानदाराला हा आकडा विचारून पाहा, तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

माझ्या त्या तुकड्याचं पुढे टूल रूमचं टेबल झालं. चकचकीत टेबल, त्यावर चहा प्यायला छान.

कागदाला एवढी किंमत, म्हणून चोरीही कागदाचीच होते. दक्षिण कोरियात २०१२ मध्ये अणुवीज केंद्रांना पुरवलेल्या सुट्या भागांची सर्टिफिकेटं बनावट निघाली. मे २०१३ मध्ये तर अपघाताच्या वेळी सुरक्षा यंत्रणेला सिग्नल पोहोचवणाऱ्या केबलींच्या चाचण्यांचे अहवालच खोटे निघाले, आणि शिन-कोरी, शिन-वोल्सोंग इथल्या चालू अणुभट्ट्या बंद करायला लावल्या. केबली तोवर रोज नीटच चालत होत्या. भूकंप किंवा वाफेचा मारा झाल्यावर चालतील का, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला क्लासच्या याद्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. खालच्या क्लासची वस्तू वरच्याला मारू शकते. वादळात शेजाऱ्याच्या गोठ्याचं टिन उडून आपल्या बैलाला लागलं, तर टिन स्वस्त होतं म्हणून बैल वाचत नाही.

३१ मार्च १९९३ ला पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात नेमकं असंच झालं. टर्बाइनची दोन पाती तुटली. टर्बाइन म्हणजे कोराडीत, चंद्रपुरात असते तशीच वाफेवर फिरणारी गोष्ट, अणुभट्टीच्या इमारतीबाहेर. पाती तुटल्याने हादरे बसले, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन सुटला, पेटला, त्यासोबत तेल पेटलं, आणि आग केबलींमधून पसरली. एकमेकींच्या पर्यायी केबली पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या, त्यामुळे सगळ्याच गेल्या. केंद्रात सुमारे १७ तास वीज नव्हती. अणुभट्टी लगेच बंद केली होती, पण उष्णता काढायला डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांचं पाणी वापरावं लागलं. माणसं टॉर्च घेऊन वर चढली आणि त्यांनी हाताने व्हॉल्व्ह उघडून, अणुभट्टी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून, बोरॉनचं द्रावण तिच्यात सोडलं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. अमेरिकेत २२ मार्च १९७५ ला ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात तर भिंतीतल्या केबलींच्या भोकांत फोम भरून, हवा गळते का हे बघायला मेणबत्ती धरली होती, आणि तो फोम पेटला.

म्हणून बांधकामात एक नियम असतो: साधी वस्तू सुरक्षेच्या वस्तूच्या डोक्यावर असेल तर ती भूकंपात खाली पडता कामा नये. पंप सुरक्षेचा असेल, तर त्याच्यावरचा दिवा आणि शिडी साधे असले तरी त्यांचं बांधणं साधं नसतं. रंगाचंही तसंच. अणुभट्टीच्या घुमटाच्या आत लावायचा रंग अपघातात पापुद्रे होऊन सुटला तर ते पाण्यासोबत खालच्या जाळ्यांवर जाऊन बसतात आणि आपत्कालीन पंपांचं पाणी अडतं. स्वीडनच्या बार्सेबेक अणुवीज केंद्रात १९९२ ला पाइपांवरच्या उष्णतारोधक आवरणाने जाळ्या अशाच तुंबल्या होत्या. त्यामुळे आतल्या रंगाच्या डब्यालाही बॅच नंबर असतो. आतेभावाने डबे मोजताना ‘रंगच तर आहे’ म्हणू नये, मी म्हणालो होतो.

क्लास वरचा म्हणजे सगळं ठीक, असंही नाही बरं. १३ मे १९९४ ला कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्राच्या पहिल्या युनिटचा बांधकामातला आतला घुमट कोसळला. तो तर अपघातात किरणोत्सर्ग कोंडणाऱ्या इमारतीचाच भाग. ताणलेल्या केबलींमुळे काँक्रीटचा खालचा थर सुटून पडला. नवं डिझाइन करून पुन्हा बांधला, आणि ते युनिट वीज द्यायला लागेपर्यंत २००० साल उजाडलं. डिझाइनच चुकलं तर कितीही टॅग लावा, काय उपयोग?

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. कुलपातला बोल्ट साध्या कामाला चालतो, मटेरियल त्या कामाला जुळत असेल आणि इश्यू स्लिपवर, म्हणजे माल दिल्याच्या चिठ्ठीवर, तशी नोंद केली असेल तर. साधा बोल्ट कुलपातल्या कामाला सरळ चालत नाही. त्यासाठी वेगळी वाट आहे: त्या वस्तूचे कोणते गुण सुरक्षेला लागतात ते आधी ठरवायचं, मग नमुने तोडून तपासायचे, कारखान्यात जाऊन त्यांची पद्धत पाहायची किंवा माल बनताना उभं राहायचं, आणि मग अभियंत्याच्या सहीने ती वस्तू वर घ्यायची. कारखान्यांनी अणुवीज केंद्रासाठी वेगळा माल बनवणं बंद केलं की हीच वाट उरते. पण ही वाट स्टोअरवाल्याची नाही, ती त्याच्या वरच्यांची.

आणि एकदा कडीच्या जाळीत गेलेला बोल्ट परत कुलपात येत नाही. आतेभावाला हे नक्की सांगा, कारण पहिल्या महिन्यात चूक इथेच होते. हातातून दोन बोल्ट निसटतात, जमिनीवरच्या साध्या बोल्टांत मिसळतात, आणि ओरडा बसेल म्हणून माणूस अंदाजाने दोन उचलून कुलपात ठेवतो. नंबर न दिसणारे सगळे लाल टॅगच्या डब्यात टाकावेत आणि जाऊन सांगावं. ओरडा बसेल, तो ऐकून घ्यावा. मी त्या प्लेटच्या वेळी पंधरा मिनिटं ऐकला होता, आणि तोही सगळा तमिळमध्ये.