एमआरआय असताना न्यूरोलॉजिस्ट अजून हातोडीने गुडघ्यावर का मारतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत. एमआरआय हाताशी असताना डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून आणि तळव्यावर रेघ ओढून काय शोधतात, आणि ही तपासणी घरच्या घरी जमते का. पहिल्यावर मला बरंच बोलायचं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हाच वाद आमच्या घरात अजून धुमसतोय.

आधी स्पष्ट सांगते. ज्या डॉक्टरने तुमचे बूट-मोजे काढायला लावले नाहीत, चार पावलं चालायला सांगितलं नाही आणि नुसती फिल्म उजेडात धरून पाठीच्या ऑपरेशनची तारीख दिली, त्याच्यासमोरून उठून यावं.

गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर टोला बसला की मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो. ती खबर संवेदी तंतूतून मज्जारज्जूत जाते आणि मधला एकच जोड ओलांडून थेट त्याच स्नायूला हलवणाऱ्या पेशीकडे पोहोचते. पाय उडतो, हाच रिफ्लेक्स. मेंदूला कोणी विचारलेलं नसतं, पण मेंदूकडून उतरणारे तंतू या सगळ्यावर कायम लगाम धरून असतात. त्यामुळे खालची नसच दबली असेल तर पाय मंद उडतो किंवा उडतच नाही, आणि वरचा लगाम सुटला असेल तर भलताच जोरात उडतो. बिघाड खालच्या नसेत की वर मज्जारज्जू-मेंदूत, हे त्या टोल्यावर कळतं. गुडघ्याचा रिफ्लेक्स मुख्यतः कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या नसेचा, टाचेचा त्रिकास्थीच्या (कंबरेखालच्या हाडाच्या) पहिल्या नसेचा, दंडाच्या पुढच्या बाजूचा मानेच्या पाचव्या-सहाव्या नसेचा, मागच्या बाजूचा मुख्यतः सातव्या नसेचा. म्हणजे पातळीसुद्धा कळते.

आता आमच्या काकांचं सांगते.

काकांची कंबर जुनी दुखरी. त्यात चालताना पाय अडखळायला लागले. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. चुलतभावाने, म्हणजे दादाने, कंबरेचा एमआरआय काढून घेतला. रिपोर्टमध्ये मणक्यांमधल्या खालच्या दोन गाद्या फुगलेल्या. एका सर्जनने तेवढ्यावर ऑपरेशनची तारीख दिली. काका माझ्याकडे आले ते ऑपरेशनआधीचे व्यायाम शिकायला.

मी त्यांना शर्ट काढायला सांगितलं. गळ्याजवळच्या गुंडीवर त्यांची बोटं चाचपडत होती. गुंडी काजापर्यंत यायची, सुटायची, परत चाचपडणं. काकू मागून म्हणाल्या, "हल्ली मीच लावून देते, वय झालं ना." कंबरेतली नस शर्टाच्या गुंडीपर्यंत पोहोचत नाही. मी व्यायाम बाजूला ठेवले आणि हातोडी घेतली.

गुडघे दोन्हीकडे जोरात उडाले. पाऊल झटक्यात वर ढकलून तसंच धरलं, तर ते माझ्या हातात आपोआप ठोके दिल्यासारखं हलत राहिलं. तळव्याच्या बाहेरच्या कडेने टाचेपासून पुढे रेघ ओढली, तर अंगठा सावकाश वर आला आणि बाकीची बोटं पंख्यासारखी फाकली. फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट जोझेफ बाबिन्स्कीने १८९६ मध्ये मांडलेली ही खूण आहे. मोठ्या माणसात ती दिसली की मेंदूकडून उतरणाऱ्या चालक मार्गात बिघाड आहे असं समजायचं.

आणि इथेच कंबरेचा रिपोर्ट निकालात निघतो. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली असतो तो फक्त नसांचा जुडगा. रिपोर्टमधल्या गाद्या त्याच्याही खाली होत्या. तिथे काही दबलं तर रिफ्लेक्स मंदावतील, अंगठा वर येणार नाही. बिघाड वरच असणार. मग हात तपासले. दंडाच्या पुढचा रिफ्लेक्स मंद, मागचा जोरात. मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली की अंगठा आत वाकायचा. जबड्याचा रिफ्लेक्स मात्र नेहमीसारखा. म्हणजे मेंदूच्या देठापर्यंत सगळं ठीक आणि मानेच्या पाचव्या-सहाव्या नसेच्या आसपास गडबड.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "तू फिजिओ आहेस, डॉक्टर नाहीस. एमआरआय काय खोटं बोलतो?" एमआरआय खोटं बोलत नव्हता. गाद्या फुगलेल्या होत्याच, पण काहीही दुखत नसलेल्या माणसांतही वयाबरोबर त्या फुगलेल्या दिसतात. शिवाय कंबरेच्या एमआरआयमध्ये मान येत नाही.

काकूंनी माझं ऐकलं, दादाने नाही. ज्या न्यूरोलॉजिस्टकडे मी त्यांना पाठवलं, त्या बाईंनी काकांना आधी चालवलं, टाच-अंगठा एका रेषेत ठेवून पुन्हा चालवलं, पाय जुळवून डोळे मिटून उभं केलं. पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर थरथरणारा धातूचा दुफाटा, ठेवला, काकांना कंप जाणवला नाही. चप्पल निसटलेली का कळत नव्हती, ते तिथे उलगडलं. कंप आणि सांध्यांची स्थिती कळवणारे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागातून त्याच बाजूने वर जातात, वेदना आणि तापमानाचे तंतू मात्र मज्जारज्जूतच बाजू बदलतात. म्हणून टाचणी आणि फोर्क दोन्ही लागतात, एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. एवढं झाल्यावर त्यांनी मानेचा एमआरआय लिहून दिला. पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधे मज्जारज्जू दाबला गेला होता. ऑपरेशन मानेचं झालं. काका आता गुंडी स्वतः लावतात. पायांतला ताठरपणा थोडा राहिला आहे, तो पूर्ण जाणार नाही. हे ऑपरेशन मुख्यतः पुढची घसरण थांबवायला असतं, आणि उशीर झाला की गेलेलं सगळं परत येत नाही.

दादा आजही म्हणतो, "शेवटी सापडलं एमआरआयमध्येच ना?" सापडलं, पण मानेचा काढा हे कोणी सांगितलं? त्यावर त्याचं म्हणणं, मग सरळ सगळ्या मणक्यांचा काढायचा, कटकटच नको. साठी ओलांडलेल्या माणसाचा तसा काढला तर बरेचदा तीन-चार ठिकाणी काही ना काही फुगलेलं दिसेल. त्यातलं कापायचं कुठलं? आणि पार्किन्सन्सचं काय? त्यात नेहमीचा एमआरआय बरेचदा ठीक येतो. निदान होतं ते हालचालीतला मंदपणा, मनगटातला ताठरपणा आणि हाताचा कंप बघूनच. याचं उत्तर दादाने अजून दिलेलं नाही. तुमच्या घरी कोणी असाच अडून बसला असेल तर त्यालाही हेच विचारा.

आता थोडं सबुरीचं. रिफ्लेक्स जोरात आला म्हणजे आजार झालाच असं नाही. घाबरलेल्या किंवा तरुण माणसात दोन्हीकडे सारखा जोरात येऊ शकतो. डाव्या-उजव्यातला फरक जास्त बोलका. म्हातारपणी टाचेचा रिफ्लेक्स नाहीसा होऊ शकतो. तान्ह्या बाळाचा अंगठा वर येणं साहजिक आहे, साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत. त्यामुळे घरी हातोडी आणून एकमेकांचे गुडघे ठोकू नका. घरी बघायचं ते चालणं, गुंडी, अक्षर, निसटणारी चप्पल. तपासणीला जाताना सैल कपडे घाला आणि हे सगळं डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारायची वाट बघू नका. मीसुद्धा एमआरआयच्या विरोधात नाही. योग्य जागेचा, योग्य वेळी काढलेला हवाच.

आणि चेहरा अचानक एका बाजूला वाकडा झाला, एक हात गळाला, बोलणं अडखळलं, किंवा कंबरदुखीबरोबर लघवी अडली वा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर उत्तरं वाचत बसू नका. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.