उताराच्या प्लॉटवर छोटी बिल्डिंग: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

दिवाळी झाली की उताराच्या प्लॉटचे प्रश्न यायला लागतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, "प्लॉट स्वस्तात मिळाला, आता प्लॅन कसा करू?" म्हणून यावेळी सगळे एकत्र घेतलेत. माझं काम स्ट्रक्चरचं, त्यामुळे उत्तरं त्याच बाजूने आहेत.

प्रश्न: रत्नागिरीजवळ १२ गुंठे बघितलेत, ८ फ्लॅट करायचेत. एजंट म्हणतो "थोडासाच उतार आहे". किती उतार चालतो?

"थोडासा" हे माप नाही. राज्याच्या यूडीसीपीआरप्रमाणे (बांधकामाची एकत्रित नियमावली) १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी मिळत नाही, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ, एवढीच मर्यादा. हे डोळ्याने कळत नाही, गवत वाढलेलं असेल तर अजिबातच नाही. टोटल स्टेशनने (मोजणीचं यंत्र) कॉन्टूर सर्व्हे करून घ्या, म्हणजे समान उंचीच्या रेषांचा नकाशा, दर अर्ध्या मीटर उंचीला एक रेषा मागा, आणि तो नकाशा आर्किटेक्टला दाखवल्याशिवाय विसार देऊ नका. विसार दिल्यावर लोक फोन करतात, तेव्हा माझ्या हातात फार काही राहिलेलं नसतं.

प्रश्न: सरकारी मोजणी आधी की प्लॅन आधी?

मोजणी.

प्रश्न: ८ फ्लॅटना रेरा (गृहप्रकल्प नोंदणीचा कायदा) लागतो का?

जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट ८ पर्यंत, यातलं एक जरी बसत असेल तरी नोंदणीतून सूट आहे, पण पुढचे सगळे फेज धरून. नववा फ्लॅट काढायचा विचार मनात असेल तर आत्ताच वकिलाला गाठा.

प्रश्न: शेजारी विहीर खणली तेव्हा जांभा लागला होता. मग सॉइल टेस्टचा खर्च कशाला?

विहीर शेजारची आहे, तुमच्या प्लॉटमधली नाही. जांभा वरून कडक असतो म्हणून सगळे निर्धास्त होतात, पण कोकणात बऱ्याच ठिकाणी त्याच्याखाली पांढरट-गुलाबी, शाडूसारखी मऊ माती असते, तिच्यात पाणी मुरलं की तिची ताकद जाते. शिवाय उतारावर वरच्या कोपऱ्यात कातळ दोन फुटांवर आणि खालच्या कोपऱ्यात कुणीतरी टाकलेला भराव हे सर्रास दिसतं. निम्मी फुटिंग (कॉलमचे पाये) कातळावर आणि निम्मी भरावावर बसली तर बिल्डिंग एका बाजूने खचते आणि भिंतींना तडे जातात. वर, मध्ये आणि खाली असे माती तपासायला किमान तीन बोअर घ्या, किती खोल जायचं ते जिओटेक्निकल (माती-कातळाच्या) इंजिनीअरला ठरवू द्या.

प्रश्न: कॉन्ट्रॅक्टर म्हणतो एप्रिलमध्ये जेसीबी लावून प्लॉट सपाट करू, रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) बिल्डिंग झाल्यावर बघू. चालेल का?

नाही. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी एप्रिलमध्ये डोंगर कापतंच.

उतार कापला म्हणजे वरच्या मातीचा आधारच काढून घेतला. उन्हाळ्यात ती उभी राहते म्हणून फसायला होतं, जूनमध्ये पाऊस आला की तीच माती खाली येते. आकडे बघा. तीन मीटर उंच भिंतीवर मागचा कोरडा मुरूम दर मीटर लांबीला ढोबळमानाने अडीच-तीन टनांनी ढकलतो, मागे पाणी पूर्ण साठलं की तोच जोर साडेपाच-सहा टनांवर जातो, भिंत तीच, माती तीच, फरक फक्त पाण्याचा. आणि उंची दुप्पट केली की जोर चौपट आणि भिंत उलथवण्याची ताकद आठपट, त्यामुळे "अजून थोडं कापून एक गाडी बसवू" हे वाक्य साइटवर कुणी बोललं तरी काम थांबवा.

२९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला पावसात कंपाउंडची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि १५ माणसं गेली. माझ्याच एका कामात मालकाने भिंत पुढच्या वर्षावर ढकलली होती, जुलैत वरच्या घराचा गडगा आणि परसातला फणस दोन्ही खाली आले, माणूस नव्हता म्हणून निभावलं.

म्हणून ऑक्टोबरनंतर कापायला घ्या, एका वेळी थोडीच लांबी कापा, भिंत उठवा मग पुढची, आणि मेपर्यंत भिंत संपवा. भिंतीमागे खडीचा थर, फिल्टर कापड, वीप होल (भिंतीतून पाणी बाहेर पडायची भोकं) आणि वरून येणारं पाणी बाजूला काढणारं गटार हवंच, मागे काळी माती भरू नका. जाडी आणि सळई कॉन्ट्रॅक्टरने ठरवायची नाही, सॉइल रिपोर्ट बघून स्ट्रक्चरल इंजिनीअरने. हे जमत नसेल तर कमी कापा, बिल्डिंगच पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवा.

प्रश्न: रस्ता वरच्या बाजूला आहे, खाली स्टिल्ट पार्किंग (नुसत्या कॉलमवरचा मोकळा मजला) करता येईल?

रॅम्प १:८ धरा, तीन मीटर खाली उतरायला २४ मीटर लांबी जाते, वळण वेगळं. त्यापेक्षा पार्किंग रस्त्याच्या पातळीला ठेवून काही फ्लॅट खाली घेता येतात का ते आर्किटेक्टला विचारा. स्टिल्ट केलंच तर उतारामुळे वरच्या बाजूचे कॉलम आखूड राहतात, उंची निम्मी झाली की कॉलम आठपट ताठ होतो आणि भूकंपाचा धक्का तोच आधी खेचून घेतो. कोयनेचा १९६७ चा भूकंप कोकणाला लांबचा नाही. त्या कॉलमना पूर्ण उंचीभर कमी अंतरावर रिंगा (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या सळया) लागतात, हे ड्रॉइंगवर आहे का ते बघा.

प्रश्न: एकाने चौरस फुटाचा रेट "सगळं धरून" दिलाय, इतरांपेक्षा बराच कमी. घेऊ का?

कोटेशनमध्ये "प्लिंथ (जोतं) दोन फुटांपर्यंत" असं बारीक अक्षरात आहे का बघा. उतारावर खालच्या बाजूला प्लिंथ आठ-दहा फूटही जाते आणि ते सगळं एक्स्ट्रा, रिटेनिंग वॉल एक्स्ट्रा, कातळ फोडणं एक्स्ट्रा, मुरूम हलवायची रॉयल्टीही एक्स्ट्रा. ड्रॉइंग तयार होण्याआधी दिलेला रेट फसवाच असतो. इंजिनीअरकडून क्वांटिटी काढून घ्या आणि सगळ्यांकडून त्याच यादीवर भाव मागवा.

प्रश्न: सेप्टिक टँक आणि शोषखड्डा कुठे?

बिल्डिंगच्या खालच्या बाजूला. शोषखड्डा कुठल्याही रिटेनिंग वॉलच्या मागे घ्यायचा नाही, ते पाणी पुन्हा भिंतीवरच येतं. खाली कुणाची विहीर असेल तर जागा इंजिनीअरला दाखवून मगच खणा.