बहीण अमेरिकेतून कायमची परत येतेय, इकडे लॅबसाठी पैसे मिळतील का?

प्रश्न: माझी धाकटी बहीण बोस्टनला एका मेडिकल स्कूलमध्ये प्रोफेसर आहे, कॅन्सर बायॉलॉजीत स्वतःची लॅब, वय ५२. तिकडे आता ग्रँटचं काही खरं नाही म्हणते, आईपण इकडे एकटीच, म्हणून पुण्यात यायचं चाललंय. बाहेरच्या मोठ्या सायंटिस्टना आणायला आपलं सरकार पैसे देतं म्हणे, ते तिला मिळतील का?
एक वाचक, सातारा

उत्तर: दादा, पैसे आहेत, पण थोड्या दिवसांसाठी बोलावणं वेगळं आणि कायमचं आणणं वेगळं. आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या, नाव झालेल्या माणसासाठी पहिली सोय बरी आहे, दुसरी फारच तोकडी.

थोड्या दिवसांसाठी म्हणाल तर वैभव फेलोशिप आहे, २०२३ मध्ये सुरू झाली, बाहेर काम करणाऱ्या भारतीय आणि भारतीय वंशाच्या सायंटिस्टसाठी. वर्षातून एक ते दोन महिने इथल्या संस्थेत येऊन काम करायचं, असं तीन वर्षांपर्यंत, महिन्याला ४ लाख रुपये आणि जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च वेगळा. तिकडची नोकरी न सोडता हे जमतं. पण यातून पुण्यात लॅब उभी राहणार नाही.

कायमचं यायचं तर सगळे रामलिंगस्वामी फेलोशिपचं नाव घेतात, पण ती मुख्यतः पीएचडीनंतर बाहेर पोस्टडॉक म्हणजे पुढचं संशोधन करून परतणाऱ्यांसाठी, बहिणीच्या फारशी कामाची नाही. मग राहते इंडिया अलायन्स, संशोधनाला पैसे देणारी संस्था, आपला बायोटेक्नॉलॉजी विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ ला मिळून काढलेली. ऑक्टोबर २०२५ ला केंद्राने तिचा तिसरा टप्पा मंजूर केला, १५०० कोटींचा, १००० कोटी आपले आणि ५०० वेलकमचे, ही चांगलीच रक्कम आहे. पण त्यातल्या फेलोशिप अर्ली करिअर आणि इंटरमीजिएट लोकांसाठी, सीनियर माणसाने इतरांबरोबर टीम करून कोलॅबोरेटिव्ह ग्रँट मागायची.

मला हे मनापासून खटकतं. जर्मनीत हम्बोल्ट प्रोफेसरशिप आहे, प्रयोग करणाऱ्या सायंटिस्टला पाच वर्षांसाठी ५० लाख युरो, आणि मुख्य म्हणजे अर्ज त्या माणसाने करायचाच नाही, युनिव्हर्सिटीने त्याचं नाव सुचवायचं आणि पाच वर्षांनंतर त्याला कसं ठेवून घेणार तेही सांगायचं. बावन्नाव्या वर्षी चालती लॅब बंद करून, विद्यार्थी मार्गी लावून, घर विकून येणाऱ्या बाईला नेमकी हीच खात्री लागते, नुसता पगार नाही हो, उंदरांचं अ‍ॅनिमल हाउस, पेशी वेगळ्या करणारं सेल सॉर्टर मशीन, फ्रीजर, आल्या आल्या दोन-तीन हाताखालची माणसं, हे सगळं पहिल्या वर्षात नाही मिळालं तर तिची पुढची दोन-तीन वर्षं वाया जातात.

म्हणून आधी जागा बघा, स्कीम नंतर. पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि एनसीसीएस हे पेशींवरच्या संशोधनाचं केंद्र, मुंबईकडे खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, तिच्या विषयाची माणसं इथे आहेत. रिटायरमेंटचं वय नक्की विचारा, आयसरला प्रोफेसर ६५ पर्यंत राहतात, केंद्र सरकारच्या सीएसआयआर या संशोधन परिषदेच्या लॅबमध्ये मात्र ६०, म्हणजे तिला तिथे आठच वर्षं, एवढ्यासाठी एवढी उलथापालथ मी तरी करायला सांगणार नाही. सेटअप ग्रँट किती आणि कधी हातात येणार हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर तिकडचा राजीनामा देऊ नका. खरेदीचे सरकारी नियम जून २०२५ मध्ये बरेच सैल केलेत, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नसलेलं उपकरण घ्यायची परवानगी आता संस्थेचे डायरेक्टरच देऊ शकतात, तरी मोठं मशीन यायला वेळ लागतोच, तो धरून चाला.

बहिणीला सांगा, वैभवचा पुढचा कॉल निघाला की लगेच अर्ज कर. दोन महिने पुण्यात एखाद्या लॅबमध्ये काम केलं की प्रयोगाचं रसायन, म्हणजे रीएजंट, किती दिवसांत येतं, पीएचडीची मुलं कशी आहेत, ऑफिसमध्ये फाइल कुठे अडकते हे तिला स्वतःलाच कळेल, आणि तेवढ्यात आईजवळही राहणं होईल.