मुंबईच्या आर्ट सोसायट्या, त्यांची वार्षिक प्रदर्शनं आणि आपलं बेळगाव

ताई, तुमचे प्रश्न दोन. मुलगी बेळगावात चित्रकला शिकते, तिचे सर तिला बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठवायला सांगतात, पण घरचे म्हणतात की चित्र फोनवर टाकलं की सगळं जग बघतं, एवढ्या जुन्या संस्थेकडे पाठवून काय मिळणार? हा पहिला. दुसरा असा, की खानापूर-बेळगाव-निपाणी पट्ट्यात इतके चित्रकार झाले, तरी असं दरवर्षीचं प्रदर्शन आपल्याकडे का रुजलं नाही?

पहिल्याचं उत्तर आधी देतो. चित्र पाठवा. का, ते सोसायटीच्या इतिहासातूनच कळेल, म्हणून जरा मागे जातो.

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झालं आणि बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 साली. सुरुवातीला तिच्यावर वर्चस्व होतं ते साहेब लोकांचं. कचेरीतलं काम संपवून जलरंगात निसर्गचित्रं करणारे हौशी अधिकारी, त्यांच्या मडमा आणि काही व्यावसायिक युरोपियन चित्रकार असा तो गोतावळा होता. जे. जे. मधून शिकून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलांना त्याच भिंतीवर स्वतःचं काम टांगायचं होतं. 1895 साली चित्रकार म. वि. धुरंधरांना सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. धुरंधर जन्माने कोल्हापूरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. पुढच्याच वर्षी गणपतराव म्हात्रे या जे. जे. च्या विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ हा प्लास्टरचा पुतळा तिथे ठेवला. पूजेचं साहित्य घेऊन देवळाच्या वाटेवर निघालेली नऊवारीतली तरुणी. त्या शिल्पाला पारितोषिक मिळालं, आणि त्याचं छायाचित्र पाहून इंग्लंडात जॉर्ज बर्डवूडसारख्या जाणकाराने त्याची वाखाणणी केली. विद्यार्थिदशेतला एक मुलगा वार्षिक प्रदर्शनातल्या एका कामावर एवढा पुढे गेला.

त्या काळात पदकाला व्यवहारातही किंमत होती. संस्थानिक, शेठ, वकील, डॉक्टर व्यक्तिचित्राचं काम द्यायचे ते नाव ऐकून, आणि नाव व्हायचं ते प्रदर्शनात. आज कामं मिळवायच्या वाटा वेगळ्या झाल्या, हे घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण एक गोष्ट तेव्हाही होती आणि आजही आहे. तुम्हाला न ओळखणारी, तुमच्याशी नातं नसलेली जाणकार माणसं तुमचं चित्र इतर शेकडो चित्रांच्या रांगेत ठेवून बघतात. फोनवर आपलं चित्र एकटं असतं. भिंतीवर त्याच्या उजव्या-डाव्या बाजूला दुसऱ्यांची चित्रं असतात, आणि आपला निळा किती कच्चा आहे, आपला हात कुठे आखडलाय, हे शेजारच्या चित्रामुळे आपल्याच डोळ्यांना दिसतं. हे शिक्षण पैसे देऊन विकत मिळत नाही.

निवड समिती चुकते का? चुकते, आणि चुकत आली आहे. 1935 साली चित्रकार अमृता शेरगिलने सिमल्याच्या आर्ट सोसायटीकडे प्रदर्शनासाठी दहा चित्रं पाठवली, त्यातली पाच परत आली. उरलेल्यांपैकी एकाला बक्षीस मिळालं, तेही तिने नाकारलं. दोनच वर्षांनी, 1937 साली, बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलं. मुलीचं चित्र परत आलं तर तिला हे सांगा.

सोसायटीशी मतभेद झाले तेव्हा चित्रकारांनी काय केलं, हा मला या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर जलरंगातले फार मोठे चित्रकार. 1918 साली मुंबईतच आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. म्हणजे आपल्या लोकांनी स्वतःची भिंत उभी केली, स्वतःचं वार्षिक प्रदर्शन सुरू केलं, आणि ते आजही चालू आहे. पुढे 1947 साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. जुन्या धाटणीला विरोध करणारी ही तरुण मंडळी. पण त्यांचं 1949 सालचं प्रदर्शन भरलं ते रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच सलोंमध्ये, म्हणजे प्रदर्शनाच्या दालनात! रझांना आदल्या वर्षी याच सोसायटीचं सुवर्णपदक मिळालेलं होतं. संस्था जुनी होती, पण तिने नव्यांना दार बंद केलं नाही. 1952 साली जहांगीर आर्ट गॅलरी झाली, वार्षिक प्रदर्शनं तिथे भरू लागली, आणि आता तर वांद्रे रेक्लमेशनला सोसायटीची स्वतःची वास्तू आहे.

हळदणकरांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतोच. हातात दिवा घेतलेली, ज्योतीपुढे तळहात धरलेली ती स्त्री आपण कॅलेंडरवर शेकडो वेळा पाहिली आहे. पुष्कळ लोक ते चित्र रविवर्म्याचं समजतात. ते हळदणकरांचं आहे, जलरंगातलं आहे, आणि समोर उभी होती ती त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. जलरंगात अंधार असा ठेवायचा की उजेड कागदाचाच राहील, हे ज्याने एकदा करून पाहिलंय त्याला त्या चित्रासमोरून हलवत नाही. मुलीला म्हैसूरला नक्की घेऊन जा.

आता आपल्याकडचं. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, मग तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्याआधी चित्रकलेच्या परीक्षा मुंबईच्या, पुढचं शिक्षण जे. जे. मध्ये, प्रदर्शनंही मुंबईतली, अशी सरळ वाट होती. त्या वाटेने जाऊन आलेल्यांत के. बी. कुलकर्णी सरांचं नाव पहिलं. मुंबईत किंवा दिल्लीत नाव काढू शकेल असा हात, पण सर बेळगावातच राहिले, बेननस्मिथ हायस्कूलमध्ये शिकवलं, चित्रमंदिर ही चित्रकलेची शाळा चालवली. समोर बसलेल्या माणसाचं व्यक्तिचित्र ते लोकांदेखत करायचे, तेव्हा पोरं श्वास रोखून बघायची. रवी परांजपे, जॉन फर्नांडिस हे चित्रकार त्यांच्याच हाताखाली शिकले. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाच्या कलादालनाला सरांचं नाव दिलंय, ते योग्यच झालं.

मग वार्षिक प्रदर्शन का रुजलं नाही? माझ्या मते कारणं तीन, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली. कोल्हापूरला दरबार होता, औंधला चित्रकलेवर जीव टाकणारे संस्थानिक पंतप्रतिनिधी होते. बेळगाव हा इंग्रजांचा लष्करी कॅम्प. इथे चित्रकाराला पोसणारा राजा नव्हता. दुसरं, आपल्याकडची चित्रकला गुरूभोवती वाढली. गुरू थोर, पण संस्था म्हणजे गुरू गेल्यावरही ठरलेल्या महिन्यात भरणारं प्रदर्शन, ते मागे राहिलं. आणि तिसरं, 1956 नंतरची ओढाताण. बंगळूर पाचशे किलोमीटर, मुंबईही साधारण तितकीच. कर्नाटकच्या अकादमीत आपण मराठी, महाराष्ट्राच्या सरकारी प्रदर्शनात रहिवासाचा प्रश्न. चांगला हात तयार झाला की पुणे-मुंबई गाठायची, हेच मग चालत राहिलं. गट होतात, उत्साहाने दोन-तीन प्रदर्शनं भरतात, नारळ फुटतो, पाहुणे भाषण करतात, आणि चौथ्या वर्षी हॉलचं भाडं कोण भरणार यावर सगळं थांबतं.

मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते असं, की या प्रदर्शनांची नोंदच राहिली नाही. बॉम्बे आर्ट सोसायटीचे जुने कॅटलॉग आज अभ्यासकांना सोन्यासारखे वाटतात, कारण कुठल्या वर्षी कुणाचं कुठलं चित्र लागलं ते त्यात छापलेलं आहे. धुरंधरांनी जे. जे. मधल्या आठवणी पुस्तकरूपाने लिहून ठेवल्या म्हणून तो काळ आपल्याला दिसतो. आपल्याकडे बेळगावातल्या शहापूरच्या, वडगावच्या किती घरांत सुंदर व्यक्तिचित्रं भिंतीवर आहेत, आणि खालची सही कुणाची ते आता घरातही सांगता येत नाही. म्हणून कुणी बेळगावात सोसायटी काढायची म्हणाल तर इमारतीसाठी वर्गणी काढू नका. महिना ठरवा, निवडीला बाहेरचे दोन जाणकार बोलवा, आणि साध्या कागदावर का होईना, पण कॅटलॉग छापा. चित्राचं नाव, माध्यम, आकार, साल, चित्रकाराचं गाव. त्याच्या प्रती वाचनालयात द्या. मराठी आणि कन्नड दोन्हीत छापा, कारण धारवाड-हुबळीचे चित्रकार आले पाहिजेत. तिकडे फार ताकदीने काम करणारी मंडळी आहेत आणि आपण त्यांना पुरतं ओळखत नाही.

मुलीच्या चित्राबद्दल थोडं. सोसायट्या प्रवेशिका अखिल भारतीय मागवतात, त्यामुळे कर्नाटकातला पत्ता आडवा येत नाही. सरकारी राज्य प्रदर्शनांचं तसं नसतं, तिथे रहिवासाची आणि शिक्षणसंस्थेची अट आधी वाचा. विद्यार्थी आणि व्यावसायिक हे विभाग वेगळे असतात, तिने विद्यार्थी विभागातूनच पाठवावं. आधी फोटोवरून निवड होत असेल तर फोटो ढगाळ उजेडात, समोरून, फ्रेमशिवाय काढा. काचेत चमक आली की चित्र तिथेच मेलं. मूळ चित्र पाठवायची वेळ आली तर जलरंगाला काचेऐवजी अॅक्रिलिक शीट लावा, कारण बसच्या पार्सलमध्ये काच हमखास फुटते आणि कागद फाटतो. मागच्या बाजूला नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, आकार, फोन नंबर पक्क्या शाईने. विक्रीची किंमत भरताना फ्रेमचा खर्च आणि संस्थेचा टक्का धरून भरा, लाजून कमी लिहू नका. विकायचं नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

आणि विषय तिचाच असू द्या. मुंबईच्या प्रदर्शनात जायचं म्हणून समुद्र आणि होड्या रंगवणारी आपली मुलं मी पाहिली आहेत. खानापूरच्या पावसाळ्याचा हिरवा मुंबईकराला रंगवता येणार नाही. मलप्रभेच्या काठचा, जंगलावर उतरलेल्या ढगांतला तो रंग तिने रोज पाहिलाय. निवडीसाठी दोन-तीन चित्रं काढून ठेवा आणि फोटो इथे टाका. कुठलं पाठवायचं ते आपण मिळून ठरवू.