दाढी दाट, टाळू विरळ

प्रश्न : वय 27. दोन वर्षांत कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत, टाळूही दिसू लागलीय. दाढी आणि छातीवरचे केस मात्र वाढतच आहेत. अंगात पुरुषी हार्मोन जास्त झालंय का? टेस्टोस्टेरॉनची तपासणी करू का? आई बोअरच्या पाण्याला दोष देते. मामांना टक्कल आहे.

उत्तर : एवढ्यासाठी तपासणीवर पैसे घालवू नका. टक्कल पडणाऱ्या बहुतेक पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन चारचौघांइतकंच असतं. फरक असतो तो केसांच्या मुळांत. तिथलं 5-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे जास्त जोरकस हार्मोन बनवतं. हनुवटीवर डीएचटी पोचलं की लवेचा राठ केस होतो. कपाळ आणि टाळूवरची मुळं जन्मतः हळवी असतील तर त्याच डीएचटीने ती आक्रसतात. डोक्यावरचा केस एरवी 2 ते 6 वर्षं वाढतो. हा काळ दर खेपेला घटतो, नवा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो आणि शेवटी नुसती लव उरते.

टाळूवरचा एक आणि डोक्याच्या मागच्या बाजूचा एक केस पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून पाहा. टाळूवरचा स्पष्ट बारीक दिसला, तर बहुधा हेच चाललंय. डोक्याच्या मागच्या बाजूच्या मुळांना डीएचटीचा फारसा त्रास होत नाही, म्हणून केसरोपणासाठी केस तिथूनच काढतात.

अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये दाखवलं, की वयात येण्याआधी वृषणं काढलेल्यांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे हार्मोन आणि आनुवंशिकता, दोन्ही लागतात. मामांचा संबंध खरा आहे : या हार्मोनच्या ग्राहकाचं (पेशीत हार्मोनला पकडणाऱ्या प्रथिनाचं) जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतं. पण वडिलांकडची जनुकंही हातभार लावतात. बोअरच्या जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्याने केस राठ होऊ शकतात, तुटू शकतात. मुळं आक्रसत नाहीत.

उपचार लवकर सुरू करण्यात शहाणपण आहे, कारण पार लव झालेलं मूळ सहसा परत येत नाही. 5 टक्के मिनॉक्सिडिल हे केस वाढवणारं द्रावण दिवसातून दोनदा, 1-1 मिली, कोरड्या टाळूच्या कातडीवर लावा. केसांवर ओघळून उपयोग नाही. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते. नवे केस जुन्यांना ढकलून बाहेर काढतात म्हणून ती वाढते, आणि नेमके इथेच घाबरून लोक औषध सोडतात. दर महिन्याला एकाच उजेडात फोटो काढा, निकाल 6 महिन्यांनी लावा. औषध थांबवलं की मिळालेले केस काही महिन्यांत जातात.

फिनास्टेराइडची 1 मिलिग्रॅमची गोळी रोज घेतल्यास रक्तातलं डीएचटी सुमारे 70 टक्क्यांनी उतरतं. ते त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्या. काहींना कामेच्छा किंवा ताठरता कमी झाल्याचं, मन खचल्याचं जाणवतं. तसं झालं तर संकोच न करता लगेच डॉक्टरांना सांगा. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडाही या गोळीने निम्म्यावर येतो, तेव्हा तपासणीआधी तिचा उल्लेख करा. शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्तदान नको.

प्रश्न : वय 31. हनुवटीवर राठ केस येतात, पाळी दोन-दोन महिने लांबते, भांग रुंदावलाय. वस्तरा फिरवल्याने केस वाढतात का?

उत्तर : नाही. वस्तरा केसाचं टोक बोथट कापतो, म्हणून खुंट टोचतो. मूळ कातडीच्या आत तसंच राहतं. मात्र तुम्ही रक्ततपासणी जरूर करा : टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, फेरिटिन, शिवाय सोनोग्राफी. अशा लक्षणांमागे बहुतेकदा पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा बिघाड) निघतो. केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. अंडाशयात किंवा मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीत गाठ नाही ना, हे पाहावं लागतं. घरातल्या कुणाची फिनास्टेराइडची गोळी घेऊन पाहू नका. दिवस राहिले असतील तर फुटलेली गोळी हाताळूही नका; मुलाच्या गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीला त्याने धोका असतो.