रणगाड्यात घोडा कुठे असतो?

प्रश्न : नातवाला घेऊन नगरचं (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालय पाहून आलो. तिथे भेटलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी आपली ओळख 'दफादार' अशी करून दिली. मी म्हटलं, "म्हणजे हवालदारच ना?" त्यांचा चेहराच पडला. म्हणाले, "आम्ही सवार माणसं." तेव्हापासून नातू विचारतोय, रणगाड्यात घोडा कुठे असतो?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : चेहरा पडणारच, आजोबा! मी स्वतः चिलखती दलात, म्हणजे रणगाड्यांच्या दलात, सवार म्हणून भरती झालो आणि रिसालदार होऊन घरी आलो. घोड्यावर उभ्या जन्मात एकदाच बसलो, माथेरानला, आणि पडलो. तरी मला कुणी सुभेदार म्हटलं की दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही.

हुद्द्याच्या तोलाने पाहिलं तर तुमचं बरोबर आहे. पायदळात शिपाई, नायक, हवालदार, सुभेदार. आमच्याकडे सवार, लान्स दफादार, दफादार, रिसालदार. शब्द वेगळे राहिले कारण जुन्या टँक रेजिमेंटी मुळात घोडदळाच्या. पूना हॉर्सचंच घ्या. १८१७च्या पुणे करारात ईस्ट इंडिया कंपनीने दुसऱ्या बाजीरावाकडून मुलूख घेतला आणि त्याच्या उत्पन्नावर घोडदळ पोसायचं ठरवलं, त्यातून ती उभी राहिली. पेशवाई वर्षभरात गेली, रेजिमेंट अजून आहे.

शिलेदार आणि बारगीर हा फरक तुम्ही शाळेत शिकला असाल. घोडा स्वतःचा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. गंमत म्हणजे इंग्रजांनी ही पद्धत जवळपास तशीच उचलली. भरती होताना सवाराने घोड्यासाठी आणि सामानासाठी रक्कम भरायची, तिला 'असामी' म्हणत. बंदूक तेवढी सरकारची. गावाकडच्या खात्यापित्या घरातली पोरं त्यामुळेच घोडदळात जात, आणि आमच्या लोकांच्या मानेचा ताठा तिथूनच आला असावा असं माझं मत आहे. पहिल्या महायुद्धात परमुलखात घोडे पटापट मेले, ते असे घरच्या पैशातून कुठून भरून काढणार? पद्धत कोसळली. १९२१च्या सुमारास ३९ रेजिमेंटींच्या २१ केल्या आणि शिलेदारी संपली.

पुढे १९३८मध्ये रावळपिंडीला सिंध हॉर्सचे घोडे गेले आणि गाड्या आल्या. असा बदल करणारी ती आपली पहिली रेजिमेंट. १ मे हा आमचा दिवस त्याचीच आठवण. घोडे गेले, पण शब्द कुणी जमा करून घेतले नाहीत. पायदळात ज्या तुकडीला कंपनी म्हणतात तिला आम्ही आजही स्क्वाड्रन म्हणतो.

आणि सवयही गेली नाही. आमचे उस्ताद सांगायचे, आधी घोड्याला दाणा, मग सवाराला जेवण. त्याचा अर्थ आम्हाला संध्याकाळी टँक पार्कमध्ये कळायचा. चाळीस टनांचं धूड दिवसभर चिखलात फिरवून आणलेलं, पोटात कावळे, आणि आम्ही गुडघ्यावर बसून पट्ट्याच्या कड्यांत अडकलेला चिखल पहारीने खरवडतोय. तो सुकला की दगड होतो. उस्ताद बॅटरीच्या उजेडात कड्या जोडणारी एकेक पिन बघणार, त्यावर हातोडी वाजवणार. आवाज बद्द आला की जेवण आणखी लांबलं.

नातवाला सांगा, खरा घोडाही अजून आहे. जयपूरची ६१ कॅव्हलरी संस्थानांच्या घोडदळांतून १९५३मध्ये उभी केली, ती घोड्यांवरच राहिली.

पुन्हा नगरला जाल तेव्हा पॅटन रणगाड्यापाशी गर्दी असते ती सोडा आणि रोल्स रॉइसची चिलखती मोटार पाहा, सिल्व्हर घोस्ट. संग्रहालयातली सगळ्यात जुनी गाडी तीच. घोडा आणि रणगाडा यांच्या मधली पायरी पोराला तिथे दिसेल.

ते गृहस्थ भेटले तर 'दफादार' म्हणूनच हाक मारा. 'साहेब' नको, तो मान नायब रिसालदारापासून वर, आणि ते स्वतःच तुम्हाला दुरुस्त करतील.