रणगाड्यावरची जाळी कितपत वाचवते?

प्रश्न : युक्रेन युद्धाच्या चित्रफितींत रणगाड्यांवर लोखंडी जाळीचे मांडव दिसतात. एवढ्याशा ड्रोनपुढे इतकं जाड चिलखत कमी का पडतं?

उत्तर : मी अनेक वर्षं रणगाडा चालवला आहे. चिलखत सगळीकडे सारखं नसतं. समोर सर्वांत जाड, टपावर आणि मागे इंजिनाच्या वर मात्र पातळ. ड्रोन नेमका तिथेच येतो. त्याला बांधलेला आरपीजीचा, म्हणजे खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी रॉकेटचा, गोळा फुटला की आतला तांब्याचा शंकू चेपला जातो, त्याची सुईसारखी धार होते आणि ती पोलाद भेदून आत शिरते. जाळीत ड्रोन अडकला किंवा गोळा लांबच फुटला, तर ही धार विस्कटू शकते. खात्री मात्र नाही. 2024मध्ये रशियन रणगाड्यांवर पत्र्याच्या अख्ख्या शेडच चढल्या. मग तोफ नीट फिरेना, आजूबाजूचं दिसेना. चालकाला हे किती जीवघेणं वाटतं, ते मला ठाऊक आहे. जॅमर रेडिओवरच्या ड्रोनचा संपर्क तोडतो, पण रेडिओऐवजी बारीक फायबरच्या तारेतून आदेश घेत उडणाऱ्याला तो रोखू शकत नाही. त्याच्यासाठी जाळीच हवी, आणि आभाळाकडे सतत कुणाची तरी नजर. शिवाय झाकण बंद! उघड्या झाकणातून ड्रोन थेट आत येतो, तिथे चिलखताचा प्रश्नच उरत नाही.